मातृयादीचा पूर्ण पत्ता

दीपनगर,
सोमवार, दुपारचे अडीच

प्रिय ज्योती,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही. माझं अक्षर पाहून तू ते न उघडताच कुठेतरी सरकवून दिलं असतंस, म्हणून नाव वनाभाऊजींकडून घालून घेतलं. ही लबाडी झाली, पण त्याहून मोठ्या लबाडीचंच हे पत्र आहे, तेव्हा एवढी चालवून घे. माझा नंबर तू अडीच वर्षांपूर्वी बंद केलास, तो अजून बंदच आहे. शनिवारपासून सात वेळा लावून पाहिला. वनाभाऊजी, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, प्रेमराजचे चुलतभाऊ, उद्या सकाळच्या एसटीने धुळ्याला चाललेत. ते हे तुझ्या निंबादादाच्या दुकानात नेऊन देतील. काही झालं तरी बुधवारच्या आत तुझ्या हातात पडायला हवं. गुरुवारी तुझी मुलाखत आहे हे मला माहीत आहे.

कसं माहीत ते आधी सांगते, नाहीतर तू म्हणशील ही अजून माझ्या मागावर आहे. शुक्रवारी लॅबमध्ये धुळ्याहून फोन आला. ढाके सर रावेरला गेले होते, म्हणून ऑफिसातल्या मुलीने तो माझ्याकडे दिला. धुळ्याच्या बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेतल्या एक बाई बोलत होत्या. ज्योती मॅडमचा अर्ज आलाय, अनुभव चांगला दिसतो, पण तुमच्याकडची नोकरी त्यांनी का सोडली ते नीट कळत नाही, अर्जात नुसतं 'वैयक्तिक कारण' लिहिलंय, तुम्ही बरोबर काम केलंय तर काही सांगू शकाल का, असं त्यांनी विचारलं. बाई सौम्य होत्या, पण त्यांच्या कानावर काहीतरी आलेलं होतं. केळीच्या रोपांतल्या व्हायरसची भानगड तुमच्याकडेच झाली होती ना, असंही त्या हळूच म्हणाल्या. सोमवारी सांगते म्हणून मी फोन ठेवला. ज्योती, ते दोन दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत.

इकडची खबर म्हणशील तर लॅब आता ओळखू येणार नाही. हरितगृहाला नवं छत झालंय, बाटल्या धुणाऱ्या बेबाबाई निवृत्त होऊन मुलाकडे भुसावळला गेल्या, आणि तुझ्या खुर्चीवर आता मयुरी नावाची मुलगी बसते. हुशार आहे, पण घाईची आहे. गेल्या महिन्यात नवी यंत्रणा आली. जुनं मशीन, ज्यावर आपण दोघींनी सहा वर्षं काढली, ते कपाटाशेजारी पोत्यात बांधून ठेवलंय. या बुधवारी भंगारवाला ते घेऊन जाणार आहे. मी काहीच केलं नसतं, नुसती पाच दिवस गप्प बसले असते, तरी सगळं आपोआप मिटलं असतं. हे मुद्दाम लिहितेय. ते पोतं समोर पाहून मला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं होतं, हे तुला कळायला हवं.

मी नवीन आले तेव्हा त्या मशीनला किती घाबरायचे, आठवतं? काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ. माऊस नाही, चित्र नाही, सगळं लिहून सांगायचं. चुकून काही दाबलं तर सगळ्या जळगाव जिल्ह्याची केळी वाळतील असं मला वाटायचं. तू माझ्याशेजारी स्टूल ओढून बसायचीस आणि एकेक आज्ञा शिकवायचीस. त्यातली एक तू माझ्याकडून घोटून घेतलीस: 'रिअलपाथ' लिहायचं, पुढे फाइलचं नाव द्यायचं, आणि मग ती फाइल खरोखर कुठे राहते ते मुळापासून टोकापर्यंत एका ओळीत येतं. पूर्ण पत्ता. तू म्हणायचीस, एका नावाच्या फाइली दहा ठिकाणी असू शकतात. नाव बघून हात घालायचा नाही, पत्ता बघून घालायचा. मी तेव्हा तुला चिडवलंसुद्धा होतं, की स्थळं बघायला जाताना तरी एवढी चौकशी केलीस का म्हणून. आणि आपण दोघी केवढ्या हसलो होतो.

आता त्या यादीबद्दल. तुला काहीच सांगायला नको, पण मला सगळं क्रमाने लिहायचंय, म्हणून ऐक. आपली मातृयादी, म्हणजे ज्या निवडक केळीच्या झाडांपासून आपण बाटल्यांत रोपं वाढवायचो त्या आईझाडांची यादी, 'नोंदी' नावाच्या कप्प्यात असायची. ती तू सांभाळायचीस. रोज सकाळी मुलींच्या हातात पडणारा कामाचा कागद मात्र 'छपाई' नावाच्या कप्प्यातून निघायचा. तिथे खरी यादी नव्हतीच, फक्त दुवा होता. दारावर पाटी एकाची आणि आतून रस्ता दुसऱ्याच घरात, तसं. छपाईतली यादी उघडली की नोंदीतलीच उघडायची. त्यामुळे तू नोंदीत एखाद्या झाडावर काट मारलीस की दुसऱ्या दिवशी ते कागदावरून गायब व्हायचं, मुली त्याच्या बाटल्या बाजूला काढायच्या. तोंडी सांगायची गरजच नव्हती. सत्तेचाळीस नंबरच्या झाडात हरण्याचा, म्हणजे पानं पिवळी करणाऱ्या रोगाचा, व्हायरस आहे असा तपासणीचा अहवाल आला, तो थेट तुझ्या हातात. तू यादी उघडलीस, काट मारलीस, आणि निर्धास्त झालीस.

आणि सत्तेचाळीसच्या बाटल्या पुढे दोन महिने वाढत राहिल्या. रोपं कांदेबागेच्या लागवडीला मुक्ताईनगरकडे गेली. पौषात रुपचंदभाऊंच्या मळ्यात पानांवर पिवळे पट्टे दिसले, आणि बघता बघता अर्धी बाग उपटून बांधावर जाळावी लागली. रुपचंदभाऊ रोगट पानं पोत्यात भरून घेऊन आले आणि त्यांनी ती फाटकातच ओतली. तू त्यांना समजवायला पुढे गेलीस, तर ते तुला सगळ्यांसमोर काय काय बोलले. मी खिडकीतून बघत होते. खाली उतरले नाही.

त्याच्या आधीच्या श्रावणातली गोष्ट तुला ठाऊक नाही. अडीच वर्षं मी ती जिभेवर येऊ दिली नाही. कानबाई देवीचा रविवार होता. सासरी, धुळ्याकडच्या गावाला, मला शनिवारी सकाळी पोचायचं होतं. आमच्याकडचा नियम तुला मी सांगितला होता: घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने गहू मोजून रोट करायचे, ते फक्त भाऊबंदांनीच खायचे, आणि रोट संपेपर्यंत घरच्या माणसाने गाव सोडायचा नाही. म्हणजे चार-पाच दिवस गेलेच. शुक्रवारी मला पुढच्या आठवड्याचे कागद काढून ठेवायचे होते, आणि नेमकी तू त्या दिवशी यादीची नव्याने मांडणी करायला घेतली होतीस. अर्ध्या ओळी वर, अर्ध्या खाली. तू जेवायला गेली होतीस. चारची गाडी चुकली असती. मग मी काय केलं, आदल्या दिवशीची चांगली यादी माझ्या स्वतःच्या कप्प्यात उतरवून घेतली, आणि छपाईतला दुवा नोंदीवरून काढून माझ्या त्या नकलेकडे वळवला. कागद झटक्यात निघाले. परत आल्यावर दुवा पुन्हा जागेवर लावायचा, असं मनाशी ठरवून मी पर्स उचलली. नकल ठेवायला केलेल्या कप्प्याला मी नाव दिलं होतं 'दोन-दिवस'.

गावी कानबाई बसली, गाणी झाली, सोमवारी नदीवर जाऊन विसर्जन झालं. माझ्या डोक्यात मात्र अधूनमधून तो दुवा टोचत होता. सासूबाईंच्या, मंजुळाबाईंच्या, ते लक्षात आलं. पुरण वाटताना त्या म्हणाल्या, "पोर, तुनं ध्यान कथा शे?" मी म्हटलं कामावर. त्या म्हणाल्या, काम पळून जात नाही. खरंच पळालं नाही, तिथेच बसून राहिलं. मंगळवारी तू इकडे सत्तेचाळीसवर काट मारलीस ती नोंदीतल्या यादीत. कागद निघत होता माझ्या नकलेतून. बुधवारी मी परत आले ती पदराआड रुमालात रोटाचा तुकडा घेऊन. भाऊबंदांबाहेर द्यायचा नसतो तरी दरवर्षी तुझ्यासाठी चोरून आणायचे. फाटकातच तू भेटलीस. बाटल्या उकळायच्या खोलीत लपून आपण तो खाल्ला, तू गावचं सगळं खोदून खोदून विचारलंस, आणि तो दुवा माझ्या डोक्यातून गेला तो गेलाच. इथपर्यंत ती चूक होती, ज्योती. चूक कुणाच्याही हातून होते, तूही मला माफ केलं असतंस. मी लगेच बोलले असते तर.

चौकशीचा दिवस तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. ढाके सरांच्या टेबलावर रुपचंदभाऊंची पानं ठेवलेली होती. मशीनसमोर मी बसले होते, कारण सरांनी तुला त्याला हात लावायला मनाई केली होती. तू टेबलाच्या पलीकडे उभी होतीस, तुला पडद्याची फक्त पाठ दिसत होती. सरांनी छपाईतली यादी उघडायला सांगितली. सत्तेचाळीस तिथे धडधडीत होतं, काट नाही. नोंदीतली उघडली, तिथे काट होती. पण त्या फाइलवर तारीख होती आदल्याच दिवसाची, कारण तू आदल्या दिवशी तीत दुसऱ्या दोन ओळी घातल्या होत्या. सर म्हणाले, प्रकरण अंगावर आल्यावर काल काट मारलीस. तू शांतपणे सांगत होतीस की या दोन याद्या नाहीतच, ही एकच फाइल आहे, इथे काट असेल तर तिथे असायलाच पाहिजे. आणि मग तू माझ्याकडे वळलीस. तुझा आवाज मला अजून जसाच्या तसा ऐकू येतो. "दिपा, छपाईतल्या यादीचा पूर्ण पत्ता काढ. म्हणजे सरांना दिसेल."

मी काढला. रिअलपाथ लिहिलं, यादीचं नाव दिलं आणि कळ दाबली. पडद्यावर एकच ओळ आली. होम, दिपमाला, दोन-दिवस, मातृयादी. त्या क्षणी मला सगळं कळलं, श्रावणापासून पौषापर्यंतचं सगळं. सरांना मध्येच फोन आला होता आणि ते खिडकीशी जाऊन बोलत होते. त्यांनी मान वळवली असती तर माझं नाव त्यांना वाचता आलं असतं. मी पडदा पुसून टाकला आणि म्हणाले, "पत्ता छपाईचाच आहे. दुवा नाहीच."

तू माझ्याकडे पाहिलंस. तुला शंका आली असती तर बरं झालं असतं. तुझ्या चेहऱ्यावर शंका नव्हती, तू माझ्या शब्दावर विश्वास ठेवलास आणि स्वतःवरचा काढून घेतलास. तू सरांना म्हणालीस, मग माझीच चूक असेल, यादी मांडताना दुवा माझ्याच हातून तुटला असेल. ते ऐकून मी रडायला लागले, आणि सर्वांना वाटलं मैत्रिणीसाठी रडतेय.

का केलं म्हणशील. भ्याले, हे तर आहेच. मला कायम होऊन तीनच महिने झाले होते. पण खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. सर प्रत्येक गोष्टीत तुझं नाव घ्यायचे, ज्योतीला विचारा, ज्योतीकडून शिका. तू कधी चुकतच नाहीस, हे मला आतून खुपत होतं. ती ओळ पुसताना भीतीच्या खाली कुठेतरी असंही वाटलं की आता हिचीही एकदा जिरू दे. हे मी प्रेमराजलाही कालपर्यंत सांगितलं नव्हतं. त्याच संध्याकाळी मी दुवा जागेवर लावला. त्यानंतर तू राजीनामा दिलास, नंबर बंद केलास. धुळ्याला निंबादादाच्या झेरॉक्सच्या दुकानात तू बसतेस असं कानावर आलं तेव्हा मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी गेलं. माणूस असाच असतो बघ, नालायक.

शनिवारी लॅबला सुट्टी होती. मी किल्ली मागून घेतली, पोतं सोडलं, जुनं मशीन जोडलं. सुरू होतंय की नाही म्हणून पाच मिनिटं नुसती घरघर ऐकत उभी होते. न होईल तर बरं, असंही मनात आलं, खोटं कशाला सांगू. झालं सुरू. दर रविवारी सगळ्या कप्प्यांची जशीच्या तशी नकल ठेवण्याचं काम माझ्याकडे होतं, हे सरांच्या कधी लक्षात आलं नाही आणि तू मला विचारलं नाहीस, कारण माझ्यावर तुझा विश्वास होता. कानबाईनंतरच्या रविवारची नकल मी उघडली. छपाईतला दुवा अजून माझ्याच कप्प्याकडे बोट दाखवत होता. मी पुन्हा पूर्ण पत्ता काढला, पुन्हा तीच ओळ आली. 'दोन-दिवस' मी कधी पुसलंच नव्हतं. आणि शेजारी नोंदीत तुझी यादी होती. सत्तेचाळीसवर काट, आणि फाइलवर तारीख त्याच मंगळवारची, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांची. अहवाल आल्यापासून तासाभरात तू काट मारली होतीस. दोन्हींचे कागद मी छापले, आणि ती नकल दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवून घेतली.

काल प्रेमराजला सगळं सांगितलं. तो मोटरसायकल काढून मला मुक्ताईनगरकडे रुपचंदभाऊंच्या मळ्यात घेऊन गेला. मी त्यांच्यासमोर उभं राहून सांगितलं की दोष माझा होता, ज्योतीचा नव्हता. वाटलं होतं हाकलून देतील. त्यांनी हातातला विळा खाली ठेवला आणि म्हणाले, "त्या पोरीले मी लय बोल्लो व्हतो, बाई. तिले सांगजा." मला एक शब्दही बोलले नाहीत, आणि मी मात्र भरपूर ऐकायच्या तयारीने गेले होते.

आज सकाळी दहा वाजता ढाके सरांना लेखी जबाब दिला, कागदांसकट. त्यांनी तो दोनदा वाचला. अडीच वर्षं तू रोज माझ्यासमोर बसत होतीस, एवढंच म्हणाले. मग म्हणाले, हा कागद जरा ठेवून दे, हंगाम जाऊ दे, लॅबचं नाव पुन्हा वर येईल. मी म्हटलं, सर, पोच हवी. शेवटी त्यांनी सही केली. उद्यापासून मी कामावर जायचं नाही, पुढचं कळवतील. नंतर मी धुळ्याच्या त्या बाईंना फोन लावला. तर त्या तीन दिवस बाहेरगावी, गुरुवारी सकाळी थेट मुलाखतीलाच येणार. ज्यांनी उचलला ते म्हणाले, फोनवरच्या गोष्टी फाइलला लागत नाहीत, जे असेल ते उमेदवाराकडून लेखी येऊ द्या.

म्हणून हे पत्र, ज्योती. माफी मागायला लिहिलेलं नाही, ती मागायचं तोंड मला नाही, आणि उत्तराचीही मी वाट बघणार नाही. पाकिटात पाच कागद आहेत: पूर्ण पत्त्याचा, तुझ्या काट मारलेल्या यादीचा, माझा दोन पानी जबाब, आणि सरांच्या सहीची पोच. पण त्यांत दुवा आणि नकल आणि तारखा एवढंच आहे, त्यावरून परक्या माणसाला काय घडलं ते कळायचं नाही. तू त्या खोलीत मला पूर्ण पत्ता काढायला सांगितलंस आणि मी पाहूनही खोटं बोलले, हे कुठल्याही मशीनमध्ये नोंदलेलं नाही. ते फक्त इथे आहे, माझ्या अक्षरात. त्यातला हेवा, रोट, रडणं, सगळं परक्यांना वाचायला मिळेल म्हणून तुला संकोच वाटेल, तर वाटू देऊ नकोस. लाज माझी आहे आणि ती मी सहीनिशी देतेय. गुरुवारी त्या बाईंनी विचारलं, की नोकरी का सोडली, तर तू एक शब्दही बोलू नकोस. हे पत्र त्यांच्या टेबलावर ठेव आणि त्यांना वाचू दे. त्यानंतर हवं तर फाडून टाक.

तू मान अगर न मान, तुझीच,
दिपमाला